बर्फातली गाडी आणि तिची दहा चाकं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून विचारलं, की तू कशावर बोलणार? मी म्हटलं, बेअरिंगवर. पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "म्हणजे अध्यात्मिक अर्थानं का?" नाही. बेअरिंग म्हणजे बेअरिंग. चाकात असतं ते. अमेरिकेतल्या पाणीवाटपावर किंवा तिकडच्या मराठी मंडळावर मी बोलावं अशी अपेक्षा होती, हे मला माहीत आहे. पण गेले दोन हिवाळे माझे हात ज्या कामात होते ते काम हे, आणि या सभागृहातल्या एका माणसाचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून इथेच सांगायला हवं.

आधी गाडी कोणती ते सांगते. बर्फगाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गोळेवाल्याची हातगाडी येणार. ती नव्हे. रणगाड्याला असतात तसे दोन रुंद पट्टे, वर डबा, पुढे इंजिन, आणि सगळं चालणार ते सहा-आठ फूट मऊ बर्फावरून. पट्टे इतके रुंद की आपण बुटांनी बर्फावर उभे राहिलो तर पायाखाली जेवढा दाब पडतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी दाब या गाडीखाली पडतो. माणूस कमरेपर्यंत रुततो तिथून ही गाडी निवांत निघून जाते.

मी युटा राज्यातल्या लोगन गावी सिंचनाचं शिक्षण घ्यायला गेले आणि तिथलीच झाले. कालव्यांच्या माणसाचा बर्फाच्या गाडीशी काय संबंध, असं वाटेल. आपल्याकडे धरण जुलै-ऑगस्टात भरतं. पाऊस पडला, पाणी आलं, दारं उघडली. तिकडे खरं धरण म्हणजे डोंगरावर साचलेला बर्फ. उन्हाळ्यात कालव्याला किती पाणी सुटणार, हे फेब्रुवारी-मार्चमध्येच कळावं लागतं, कारण शेतकऱ्याला पीक ठरवायचं असतं. त्यासाठी डोंगरावर जाऊन नळी बर्फात उभी खुपसायची, आत अडकलेला बर्फाचा दांडा नळीसकट वजन करायचा आणि त्यात पाणी किती ते काढायचं. बर्फ किती खोल यापेक्षा तो किती जड, याला महत्त्व. ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली ती जेम्स चर्च यांनी. ते नेव्हाडाच्या विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकवत. आपल्या संस्कृतच्या बाईंनी कोयनेचं पाणी मोजल्यासारखं! बाई हसतायत, म्हणजे त्यांना ते जमलं असतं.

तर त्या मोजणीसाठी वर जायला या पट्ट्यांच्या गाड्या. पुढे आपोआप मोजणारी केंद्रं डोंगरावर बसली आणि माणसांच्या फेऱ्या कमी झाल्या. जुन्या गाड्या कोठारात गेल्या, काही शेताच्या बांधावर गंजत पडल्या.

आमची गाडी त्यातलीच. थायोकॉल कंपनीची, 'स्प्राइट' नावाचं मॉडेल, 1974 सालची. हे थायोकॉल नाव ज्यांना ओळखीचं वाटेल त्यांना ते वेगळ्याच कारणानं वाटेल, त्यावर येते. कंपनी मूळ कृत्रिम रबराची, नंतर रॉकेटच्या घन इंधनाची, आणि जोडीला लोगनमध्ये या बर्फातल्या गाड्या. 1978 साली हा गाड्यांचा विभाग त्यांनी जॉन डिलोरियन यांना विकला, पुढे तो निराळ्या नावानं चालला आणि 2000 साली बंदच झाला. म्हणजे आज सुटे भाग मागायला कंपनी नाही. गावात म्हातारे आहेत ज्यांनी त्या कारखान्यात वेल्डिंग केलंय, आणि कोठारांत गाड्या आहेत. बस्स.

आमच्या खोऱ्यातल्या सात निवृत्त मंडळींनी मिळून ही गाडी घेतली. हौस होतीच, पण काम पण होतं. दर फेब्रुवारीत आम्ही तिथल्या शाळेतली मुलं डोंगरावर नेतो आणि त्यांच्या हातांनी बर्फ मोजून घेतो. मागच्या डब्यात आठ-दहा मुलं बसतात. आणि त्याच डोंगराच्या माथ्यावर पीटर सिंक्स नावाचा खोलगट भाग आहे, तिथे 1 फेब्रुवारी 1985 ला उणे 56 अंश सेल्सिअस नोंदलं गेलंय. आम्ही तितकं वर जात नाही. पण कुठल्या मुलुखात मुलं न्यायची आहेत, याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

गाडीच्या आधीच्या मालकाकडे तिचं एक चाक निघालं होतं. डाव्या बाजूचं तिसरं. पट्ट्याच्या आत एका बाजूला पाच अशी दहा चाकं असतात, रबरी टायरची, आणि पट्ट्याला आतून लोखंडी कान असतात ते टायरला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. चाक ढिलं झालं की कलतं, कललं की टायर त्या कानांवर घासतो, आणि आडव्या उतारावर असलात तर सगळा पट्टाच उतरतो. पट्टा उतरला की गाडी संपली. तो मालक आणि त्याचा भाऊ रात्री चार मैल बर्फातून चालत खाली आले. त्यांच्या पायाची दोन बोटं गेली, असं तो सांगतो तेव्हा "माझी एक, त्याचं एक" असा हिशोबही देतो. त्यांच्याजागी मुलं असती तर, हा विचार आम्हा सातही जणांच्या डोक्यात पक्का बसला. म्हणून ठरलं, की इंजिन चालतंय, रंग राहू दे, काचा राहू देत. आधी दहाही चाकं उघडायची.

उघडल्यावर जे दिसलं ते सांगण्याआधी हे बेअरिंग काय असतं ते पाहू. पुढच्या रांगेत मी एक जुना कप दिलाय, तो मागे मागे पाठवत राहा. आतल्या बाजूनं बोट फिरवून बघा. ग्रीस पुसून आणलंय, साड्यांना काही होणार नाही.

आपण शाळेसमोर शेंगदाण्याची पुडी घ्यायचो आठवतं? कागदाची, खाली टोक, वर तोंड. ती रिकामी पुडी जमिनीवर आडवी ठेवून ढकलली तर सरळ जात नाही, स्वतःच्या टोकाभोवती गोल फिरते. या बेअरिंगमधला प्रत्येक रोलर म्हणजे अशीच एका पुडीचा कापलेला तुकडा: एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. सगळ्या रोलरांची टोकं कल्पनेनं लांबवत नेली तर ती स्पिंडलच्या मधोमध एकाच बिंदूत मिळतात. म्हणून रोलर घासत नाहीत, लोळतात. हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये याचं पेटंट घेतलं. ते मूळचे घोडागाड्या बनवणारे. त्यांची अडचण अशी, की वळणावर चाकावर आडवा जोर येतो आणि साधं बेअरिंग तो झेलू शकत नाही. निमुळता रोलर वरचं वजनही घेतो आणि आडवा रेटाही घेतो. एका चाकात अशी दोन बसवायची, एकमेकांकडे उलटी तोंडं करून, म्हणजे रेटा कुठल्याही बाजूनं आला तरी झेलला जातो. आडव्या उतारावर चालणाऱ्या गाडीला हेच पाहिजे. आतली कडी, जिच्यावर रोलर पिंजऱ्यात बसलेले असतात, ती कोन. बाहेरची कडी तो कप. कप हबमध्ये, कोन स्पिंडलवर.

आता उघडल्यावर. दहा चाकं, वीस बेअरिंग. पहिल्या हबमधून ग्रीसऐवजी कॉफीत दूध घातल्यासारखं काहीतरी निघालं. ते पाणी. बर्फातल्या गाडीचा खरा शत्रू थंडी नव्हे, वितळलेलं पाणी. दिवसभर चालून हब कोमट होतो, मग बर्फात उभा राहून एकदम गार पडतो, आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. मग उन्हाळाभर गाडी एका जागी. पाणी खाली साचतं, आणि रोलर कपाला जिथे टेकलाय तिथे गंजाची रेघ उठते. तुमच्या हातात फिरतोय त्या कपावर बघा, ठरावीक अंतरावर काळ्या आडव्या रेघा आहेत. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे दोन रोलरांमधलं अंतर. गाडी किती वर्षं न हलता उभी होती, ते त्या रेघांच्या खोलीवरून कळतं. रेघ नखाला लागली की बेअरिंग बाद. बोटाला गुळगुळीत लागलं तरी नखानं बघायचं.

निघालेल्या त्या तिसऱ्या चाकाचं गूढही उकललं. कुणीतरी जुन्या कपात नवा कोन बसवला होता. बाजारात दोन्ही सुटे मिळतात, त्यामुळे पैसे वाचवायचा मोह होतो. पण जुन्या कपाचा पृष्ठभाग जुन्या रोलरांनी खाल्लेला असतो, नवा रोलर त्यावर ठिकठिकाणीच टेकतो, तिथेच सगळा भार येतो, पापुद्रे निघतात, पापुद्रे ग्रीसमध्ये फिरतात आणि पुढचं सगळं दळून काढतात. वर सील मोठं झालं म्हणून कडेनं कातरलेलं. हे ज्यानं केलं तो कोण, हे आम्हाला कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. स्पिंडलवर मात्र खोल चर पडला होता. नवा स्पिंडल करून घ्यावा लागला. बाकीच्या नऊपैकी दोन स्पिंडलवर सीलच्या ओठानं झिजवलेली खाच होती, तिथे पातळ पोलादी बाही चढवली, म्हणजे सीलला पुन्हा गुळगुळीत जागा मिळाली.

आणि एक आनंदाची गोष्ट. कंपनी बंद असली तरी बेअरिंग मिळाली. कारण प्रत्येक कडीवर कोरलेला नंबर असतो, आणि तो नंबर जगभर एकच. पन्नास वर्षांपूर्वी कोरलेला आकडा मी दुकानात वाचून दाखवला आणि पोरगा फडताळातून खोकं घेऊन आला. ट्रेलरांनाही तीच लागतात. त्यातल्या एका खोक्यावर भारतात बनल्याचं छापलेलं होतं. मी ते खोकं फेकलं नाही, एवढंच सांगते.

कप बसवणं हा यातला सगळ्यात मजेचा भाग. कप हबमध्ये घट्ट ठोकून बसवतात, कोन मात्र स्पिंडलवर हातानं सरकेल असा सैल. असं उलटसुलट का? फिरतं कोण बघा. चाक फिरतं, म्हणजे हब फिरतो, म्हणजे कप भाराखालून सतत फिरत जातो. तो सैल असेल तर हबमध्ये सरकत सरकत हबच खाऊन टाकेल. स्पिंडल स्थिर आहे, त्यावरचा कोन सैल चालतो, आणि सैल हवाच, नाहीतर शेवटी नट लावून तो जागेवर आणता येणार नाही.

घट्ट कप आत जायला सोपा व्हावा म्हणून त्याला गार करतात. लोक फ्रीजरमध्ये ठेवतात. आमच्याकडे जानेवारीत अख्खं अंगण फ्रीजर. रात्री वीसही कप डब्यात घालून बाहेर बर्फावर ठेवले, सकाळी उणे वीस. गॅरेजमध्ये हब वीस अंशाला. 60 मिलिमीटर व्यासाचा पोलादी कप चाळीस अंशांच्या फरकानं सुमारे 0.03 मिलिमीटर आक्रसतो. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. पण तेवढंच हवं असतं. हातमोजे घालून कप उचलायचा, सरळ टेकवायचा आणि ठोकायचं. पहिले ठोके 'ठण्ण' वाजतात. कप तळाशी टेकला की आवाज बदलतो, 'ठप्' होतो. तो बदल एकदा कानानं ओळखला की पुन्हा चुकत नाही. तरी पातळ फीलर गेज कपाच्या मागच्या खाचेतून घालून बघायचं. आत शिरलं तर कप बसलेला नाही.

जुनी बेअरिंग तपासायला घासलेटात धुतो, ती हवेच्या नळीनं वाळवताना पोरं गंमत म्हणून गरगर फिरवतात. भिरभिऱ्यासारखा आवाज येतो. कृपा करून कुणालाही असं करू देऊ नका. वंगण नसलेले रोलर त्या वेगानं ओरखडतात, आणि पिंजरा फुटला तर रोलर गोळीसारखा सुटतो.

ग्रीस भरणं हे पुरणपोळी लाटण्याइतकंच हाताचं काम आहे. तळहातावर गोळा घ्यायचा, कोनाची जाड बाजू त्यावर दाबत ओढायची, पुन्हा दाबायची, ग्रीस रोलरांच्या मधून पलीकडे बारीक बाजूला डोकावलं पाहिजे. मग पुढचा भाग. यासाठी यंत्र मिळतं, आमच्यातल्या दोघांनी आणलंही होतं. मला हातच बरा वाटतो, रोलरमध्ये खडा असेल तर तो हाताला कळतो. ग्रीस कुठलं, हे मात्र हातावर सोडून चालत नाही. साधं ग्रीस उणे तीसला मेणासारखं होतं. रोलर त्यात फिरत नाही, घसटत जातो. म्हणून थंडीत पातळ राहणाऱ्या तेलाचं घेतलं, आणि जुनं ग्रीस कणभरही शिल्लक ठेवलं नाही, कारण दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधी कधी पाणी होऊन गळून जातात. हबची पोकळी सहसा अर्धी रिकामी ठेवतात. आम्ही जरा जास्त भरली. इथे हळू चालणारी गाडी आहे, तापण्याची भीती कमी आणि पाणी शिरण्याची जास्त. ज्या जागेत ग्रीस आहे तिथे पाणी मावत नाही. यावर दुमत असू शकतं.

आता सील. रबराचा ओठ स्पिंडलवर टेकून फिरतो आणि ग्रीस आत, पाणी बाहेर ठेवतो. थंडीत रबर कडक होतं आणि ओठ स्पिंडलला सोडतो. सांगितलं ना, थायोकॉलवर परत येते. 28 जानेवारी 1986. आपण तेव्हा विशी पार केलेले होतो, पेपरात पहिल्या पानावर ते धुराचं दोन फाट्यांचं चित्र पाहिलेलं सगळ्यांना आठवेल. चॅलेंजर यान. त्याचे बूस्टर याच कंपनीचे, तेव्हा तिचं नाव मॉर्टन थायोकॉल होतं, आणि युटामध्येच बनलेले. फ्लोरिडात त्या सकाळी पाणी गोठेल अशी थंडी होती. सांध्यातली रबरी कडी कडक झाली, तिनं जागा धरली नाही, आणि सात माणसं गेली. आदल्या रात्री कंपनीच्या इंजिनिअरांनी उड्डाण नको म्हणून सांगितलं होतं. चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात रबराचा तुकडा दाबून धरला आणि बाहेर काढून दाखवला, तो लगेच पूर्ववत झाला नाही. आमच्या गॅरेजमध्ये हा विषय निघाला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ, जे तिथे कामाला होते, उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं परत आले. कुणी काही बोललं नाही. आम्ही प्रत्येक सील बसवण्याआधी रात्रभर बाहेर ठेवलं आणि सकाळी ओठ बोटानं वाकवून बघितला. वीसच्या थंडीत जो ओठ परत आला नाही तो टाकला. दहापैकी तीन टाकले. नवीकोरी होती.

आणि आता शेवटचा नट, जिथे आमची भांडणं झाली.

सगळं बसवल्यावर स्पिंडलच्या टोकाला नट लावायचा. तो किती आवळायचा यावर बेअरिंगचं आयुष्य ठरतं. आमच्यातले एकजण जन्मभर गिअरबॉक्स जोडत आलेले. त्यांचं म्हणणं, घट्ट आवळा, थोडा दाब राहू दे. गिअरबॉक्समध्ये तसंच करतात आणि तिथे ते बरोबरही आहे. मी म्हणत होते, चाकाला किंचित मोकळीक हवी. चाक तापतं तेव्हा आतला कोन आधी तापून फुगतो, बाहेरचा हब मागाहून. मोकळीक नसेल तर दाब वाढतो, दाब वाढला की आणखी तापतं, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की बेअरिंग जळेपर्यंत थांबत नाही. पुस्तकात सांगितलेली मोकळीक 0.025 ते 0.125 मिलिमीटर. ते म्हणाले, पुस्तकं लिहिणारे बर्फात गाडी चालवत नाहीत. तीन शनिवार गेले.

मग मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. तुमच्यापैकी काहींनी त्यावर फुलांचे गुच्छ पाठवले, त्याबद्दल आभार. एकानं मात्र विचारलं, "स्पिंडलला भोकं एक का दोन?" एसटीच्या डेपोत ज्यानं पस्तीस वर्षं काढली, फोरमन म्हणून जो निवृत्त झाला, तो आपला वर्गमित्र. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि त्यानं मला नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलंय. आपल्या वेळी मुलं-मुली एका वर्गात बसायचो, पण बोलायची पद्धत नव्हती. दहावीपर्यंत या माणसाशी मी एक वाक्य बोलले नव्हते. रात्री आठला लोगनहून व्हिडिओ कॉल लावला, इथे सकाळचे साडेआठ. पहिली पाच मिनिटं तो मला "मॅडम, तुम्ही" म्हणत होता. मी कॅमेरा हबवर धरला आणि नट चुकीच्या दिशेला फिरतोय असं त्याला वाटलं, तेव्हा एकदम "आगं थांब थांब!" झालं. त्यानंतर 'मॅडम' परत आली नाही.

त्यानं सांगितलं ते असं. चाक एका हातानं फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हातानं नट आवळायचा. चाक थांबलेलं असताना आवळला तर रोलर तिरके उभे राहतात आणि नंतर चालताना सरळ होऊन ढिले पडतात. चाक जड फिरायला लागेपर्यंत आवळायचं, म्हणजे सगळं जागेवर बसलं. मग नट पूर्ण सोडायचा. मग फक्त बोटांनी लावायचा, पान्हा लावायचा नाही. तिथून मागचं पहिलं भोक. "पुढचं न्हाय, मागचं. स्प्लिट पिन जाईना म्हणून नट पुढं सरकवला की ते चाक घरी न्हाय यायचं."

इथे थोडं गणित आहे, टेक्निकलच्या सरांसाठी. समजा इंचाला 16 आटे आहेत. नट एक फेरा फिरला की 1.6 मिलिमीटर सरकतो. नटाला सहा खाचा, स्पिंडलला एकच आरपार भोक, म्हणजे एका खाचेवरून पुढच्या खाचेवर गेलं की 0.26 मिलिमीटर. आपल्याला हवी 0.125 च्या आतली मोकळीक. म्हणजे एक खाच घट्ट होते आणि पुढची ढिली! स्पिंडलला काटकोनात दोन भोकं असतील तर टप्पा निम्म्यावर येतो, 0.13. म्हणून त्यानं पहिल्याच फटक्यात भोकं किती ते विचारलं होतं. आमच्या स्पिंडलला एकच होतं.

यावर त्याचा उपाय मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. "नटं आदलाबदल करून बघ." प्रत्येक नटाच्या खाचा आट्याच्या सुरुवातीपासून थोड्या वेगळ्या कोनावर कापलेल्या असतात. डेपोत ते नटांचा डबाच ठेवत, ज्या नटाची खाच बरोबर जागी येईल तो त्या चाकाचा. आम्ही दहा नट टेबलावर मांडले, चार दुकानातून आणले, आणि एकेका चाकाला नवरामुलगा बघावा तसे बघत बसलो. डायल गेज लावून मोजलं. दहाही चाकं 0.05 ते 0.1 च्या मध्ये आली. गिअरबॉक्सवाले गृहस्थ स्वतः काटा वाचत होते. दहावं चाक झाल्यावर त्यांनी डायल गेज पुसून डबीत ठेवलं आणि मला म्हणाले, तुझ्या त्या मित्राला विचार, त्याच्याकडे ब्रेकबद्दल काही आहे का. गेला महिना दोघांची परस्पर बोलणी चालू आहेत. एकाला इंग्रजी येत नाही, एकाला मराठी येत नाही. दोघं फोटो पाठवतात.

थोडं विषयांतर करते, राहवत नाही म्हणून. या गाड्यांचा इतिहास बहुतेक घरच्या गरजेतून सुरू झालेला आहे. क्यूबेकमध्ये जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए नावाचे मेकॅनिक होते. 1934 च्या हिवाळ्यात त्यांचा लहान मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फानं बंद, दवाखान्यात नेता आलं नाही आणि मूल गेलं. बर्फावर चालणारी गाडी करण्याचा त्यांचा नाद आधीपासूनचा होता, त्यानंतर ते त्यातच बुडाले आणि 1937 मध्ये त्यांना पट्टा फिरवणाऱ्या चक्राचं पेटंट मिळालं. जावळीतल्या आणि कोयनेपलीकडच्या आपल्या मित्रांना पावसाळ्यात दवाखाना म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी: एव्हरेस्टवाले हिलरी 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टरवर, चाकांवरून पट्टे चढवून. त्याच मोसमात व्हिवियन फुक्स यांनी 99 दिवसांत अख्खा अंटार्क्टिका ओलांडला, त्यांच्याकडे टकर कंपनीच्या चार पट्ट्यांच्या स्नो-कॅट होत्या. पण फर्ग्युसन ऐकून तुमच्यातले निम्मे ताठ बसले, ते दिसतंय मला.

तर पहिली फेरी. मुलं नाहीत, आम्ही तिघंच. उणे बारा तापमान. सहा मैल वर गेलो, गाडी थांबवली, उतरून प्रत्येक हबवर हातमोजा काढून हात ठेवला. चांगला हब या थंडीत जेमतेम कोमट लागतो. नऊ तसे होते. डावीकडचा चौथा जरा गरम. चटका नाही, चहाच्या कपाइतका. परत येऊन तो उघडला. ग्रीस स्वच्छ, रोलर चकचकीत, मोकळीक होती तेवढीच. नव्या सीलचा ओठ घासून जागा करत होता. दुसऱ्या फेरीला तो बाकीच्यांइतकाच गार. तरी तिसरी फेरीही रिकामीच केली, आणि दहाही स्प्लिट पिना नव्या घातल्या. जुनी पिन सरळ करून परत वापरायची नाही. चार आण्याची वस्तू आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ मुलं वर नेली. त्यातल्या दोन मुलींना बर्फाच्या नळीपेक्षा चाकांत जास्त रस होता. पुढच्या उन्हाळ्यात हब उघडू तेव्हा त्या येणार आहेत, त्यांच्या आयांची परवानगी घेऊन झाली आहे. आपल्या वेळी मुलींना टेक्निकल नव्हतं, शिवण होतं. मला शिवणाबद्दल तक्रार नाही, सीलच्या ओठाचा कातर ओळखायला तो सराव उपयोगी पडला. पण तास सुटला की मी शेडच्या खिडकीशी उभी राहायचे, आणि सरांनी मला कधी हाकललं नाही. एकदा तर आतून एक घासलेला चौकोन दाखवला होता, काटकोन कसा बघतात तो. सर, तुम्हाला आठवत नसेल.

तो कप कुठपर्यंत पोचला? शेवटच्या रांगेत? इकडे द्या परत. तो सरांसाठी आणलाय.